अक्षरं तोंडपाठ आहेत, पण शब्द वाचता येत नाही: घरी काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पावणेपाच वर्षांची आहे, मुळाक्षरं घडाघडा म्हणते, बाराखडीही म्हणते, पण समोर साधा ‘बस’ किंवा ‘घर’ लिहून दाखवलं की अडते. वहीत गिरवायला बसवलं की रडारड होते. आणि तुमच्याकडे संध्याकाळची जेमतेम वीस मिनिटं असतात, त्यात काय करावं, अशी विचारणा आहे. बालवर्ग आणि पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवणं हे माझं रोजचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक तपासून बघा. तक्त्यावरचं चित्र हाताने झाकून मधलंच एखादं अक्षर दाखवा. बरीच मुलं अशा वेळी ओठातल्या ओठात ‘क, ख, ग, घ…’ अशी सुरुवातीपासून गाडी सुरू करतात आणि त्या अक्षरापाशी आली की मोठ्याने बोलतात. म्हणजे त्यांना क्रम येतो, अक्षर येत नाही. दुसरा प्रकार याहून मजेशीर. माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी ‘बस’ लिहून दाखवलं. त्याने बोट ठेवून अगदी बरोबर सांगितलं, ‘बदकाचा ब, सशाचा स.’ मग शब्द कोणता झाला, विचारलं तर म्हणाला, ‘बदकससा!’ त्याच्या दृष्टीने उत्तर चोख होतं. अक्षर म्हणजे चित्राचं नाव, हेच त्याला इतके दिवस शिकवलं गेलं होतं. अक्षर म्हणजे आपल्या तोंडातून निघणाऱ्या आवाजाची खूण, ही गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

तुमच्या मुलीचंही बहुधा तसंच आहे. म्हणून अडचण ‘तिला अजून अक्षरं पक्की नाहीत’ ही नाही. बोललेला शब्द तुकड्यातुकड्यांनी बनलेला असतो, हे तिच्या कानाला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत आणखी तक्ते आणि आणखी वह्या आणून फारसा उपयोग होत नाही.

अर्थात हे मी तुमच्या चार ओळींवरून म्हणतेय. बरंच काही परिस्थितीवर अवलंबून असतं: घरी कोणती भाषा बोलली जाते, शाळेची भाषा तीच आहे का, शाळा आत्तापासून काय काय मागते, तिचं ऐकणं आणि बोलणं वयाप्रमाणे आहे का. पावणेपाचाव्या वर्षी शब्द वाचता न येणं यात काळजीचं काही नाही, हे मात्र निर्धास्तपणे सांगते. या वयात एखादं मूल भराभर वाचतं आणि शेजारचं मूल पुस्तक उलटं धरतं, आणि दोघंही तिसरीत सारखीच वाचत असतात, हे आम्ही नेहमी बघतो.

आता कानाचं काम. याला वही लागत नाही, पाटी लागत नाही, तुम्ही कामात असलात तरी चालतं. शब्द म्हणायचा आणि त्याच्या तुकड्यांवर टाळ्या द्यायच्या. मा-मा. गा-डी. टो-पी. झो-पा-ळा. बा-हु-ली. इथे एक मेख आहे आणि ती बहुतेक पालकांच्या लक्षात येत नाही. ‘कमळ’ म्हटलं की मूल दोनच टाळ्या वाजवतं: क-मळ. ‘खिडकी’लाही दोनच: खिड-की. आपण लगेच दुरुस्त करतो, ‘अगं तीन अक्षरं आहेत, क, म, ळ!’ चुकतं ते आपलं. बोलताना आपण ‘कमळ’ खरोखर दोन तुकड्यांतच बोलतो, लिहिताना मात्र तीन अक्षरं काढतो. मूल कानाला जे ऐकू येतं ते सांगतं आणि आपण त्याला डोळ्यांचं उत्तर बरोबर म्हणून देतो. त्यामुळे ते गोंधळतं आणि मग टाळ्या आपल्या चेहऱ्याकडे बघून वाजवायला लागतं. सुरुवातीला असेच शब्द घ्या ज्यात प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार असं काहीतरी आहे. तिथे ऐकू येणारे तुकडे आणि लिहिलेली अक्षरं जुळतात. ‘कमळ’, ‘पाऊस’, ‘खिडकी’ नंतर आपोआप जमतात.

टाळ्या जमल्या की पहिल्या आवाजाचा खेळ. ‘मला या खोलीत एक वस्तू दिसतेय, ती पा-ने सुरू होते.’ ती शोधेल: पाणी, पाटी, पाय. मग तिने द्यायचं आणि तुम्ही शोधायचं, आणि मधूनमधून मुद्दाम चुकायचं. ‘खुर्ची?’ असं तुम्ही गंभीर चेहऱ्याने विचारलंत की ती तुम्हाला पा कसा ऐकायचा ते समजावून सांगते, आणि समजावताना तिचा स्वतःचा कान तयार होतो. शब्दांच्या भेंड्या बहुतेक घरांत खेळतात. त्या चांगल्याच आहेत, पण या वयाला जरा कठीण. ‘घर’ संपलं की पुढचा शब्द र-वरून, हे ज्याला लिहिता येतं त्यालाच सहज सुचतं. तिला अजून पहिला आवाजच पकडू द्या.

त्यापुढची पायरी म्हणजे आवाज काढणं आणि बदलणं. ‘गाडी’मधला गा काढला तर काय उरलं? गा-च्या जागी सा ठेवला तर? साडी. वा ठेवला तर? वाडी. फू ठेवला तर? ‘फूडी!’ असा शब्द नसतो, हे कळून ती जे खिदळते ते मला फार मोलाचं वाटतं. नसलेला शब्द बनवून हसता येणं म्हणजे आवाज हातात आल्याची खूण. जुन्या बडबडगीतांत हेच तर होतं. यमक बदलून, नावं घुसवून, तुमच्या घरातल्या माणसांची बडबडगीतं करा.

हे सगळं दिवसभरात मिळून आठ-दहा मिनिटांचं काम आहे, तेही तुकड्यांत. आंघोळीच्या वेळी, जिना चढताना, रांगेत उभं असताना. दोन-तीन आठवडे फक्त हेच करा आणि अक्षरं बाजूला ठेवा, असं मी सांगेन. पण शाळेचा रेटा असेल तर दोन्ही जोडीने चालवा.

मग अक्षरं. ‘क’ ते ‘ज्ञ’ ३६ अक्षरं, प्रत्येकाची बाराखडीतली १२ रूपं, म्हणजे ४३२ झाली आणि जोडाक्षरं अजून पुढेच आहेत. एवढं पाठ करून मग वाचायला लागायचं, हा हिशोबच उफराटा आहे. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर अभ्यास केला, तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. कन्नड लिपीची घडण आपल्यासारखीच, म्हणजे व्यंजनाला स्वरचिन्ह जोडून अक्षर बनवायची. अशा लिपीतली सगळी अक्षरं पक्की व्हायला मुलांना पहिली-दुसरीच्याही पुढचा वेळ लागतो, असं त्यात दिसलं. इंग्रजीची २६ अक्षरं पाठ झाली की झालं, ही अपेक्षा इथे लावता येत नाही. सुटका एवढीच की ४३२ वेगवेगळ्या गोष्टी शिकायच्या नसतात. काना ‘क’ला लागला काय किंवा ‘म’ला लागला काय, काम एकच करतो. हे एकदा उमगलं की पुढचं झपाट्याने होतं. म्हणून मी काना पहिल्या आठवड्यातच आणते, ३६ अक्षरं संपायची वाट बघत नाही.

घरी असं करा. जाड कागदाचे दहा चौकोन कापा आणि त्यांवर म, क, ब, न, र ही अक्षरं प्रत्येकी दोनदा ठळक काढा. चित्र नको. एका अरुंद पट्टीवर नुसता काना काढा, अशा दोन पट्ट्या ठेवा. आता क, त्याच्याशेजारी काना, मग न: कान. तिला वाचू द्या. मग तिच्यासमोर न आणि क यांची अदलाबदल करा, काना मधे होता तिथेच राहू द्या: नाक. तीच तीन कागदं, पण एकदा कान झाला आणि एकदा नाक. काही मुलं या क्षणी स्वतःचा कान आणि नाक चाचपून बघतात. मग काना काढून घ्या आणि म, न ठेवा: मन. मधे काना सरकवा: मान. दोन्ही पट्ट्या वापरून मामा, काका, बाबा, नाना. पाच अक्षरं आणि एक चिन्ह, एवढ्या भांडवलावर ती पहिल्या आठवड्यात खरे शब्द वाचते. शेवटच्या कान्याच्या जागी दुसऱ्या वेलांटीची पट्टी ठेवलीत की मामाची मामी आणि काकाची काकी होते. ही जादू मुलं पुन्हा पुन्हा करायला लावतात. करा.

पुढची अक्षरं निवडताना एकच पथ्य पाळा: सारखी दिसणारी अक्षरं एका वेळी आणायची नाहीत. म आणि भ, घ आणि ध, ब आणि व, ड आणि इ, प आणि ष, थ आणि य. एक पूर्ण अंगवळणी पडल्यावर, दोन-तीन आठवड्यांनी दुसरं. आणि पहिली वेलांटी सगळ्यात शेवटी ठेवा. ‘दिवा’मध्ये वेलांटी कागदावर द-च्या आधी दिसते आणि तोंडात द-च्या नंतर येते, त्यामुळे डावीकडून उजवीकडे वाचायला नुकतंच शिकलेलं मूल तिथे अडखळणारच.

‘घर’ का अडतं, तेही सांगते. ती ‘घ… र…’ असं म्हणते, दोन्ही आवाज लांबवून. तोंडातून निघतं ‘घअरअ’, आणि असा शब्द तिने आयुष्यात ऐकलेला नाही. आपण बोलताना शेवटचा र अर्धवटच सोडतो, हे तिला कोणी सांगितलेलं नसतं, सांगून कळणारंही नाही. तिला म्हणा, ‘आता भरकन म्हण, आणि तुझ्या ओळखीचा कुठला शब्द ऐकू येतो ते सांग.’ ती दोनदा भरकन म्हणते आणि ‘घर!’ असं ओरडते. इथे बघा, तिला घर सापडलं कारण ‘घर’ हा शब्द तिच्याकडे आधीच होता. त्याच पद्धतीने ‘वन’ वाचलं आणि तिला तो शब्दच माहीत नसेल, तर ती वाचूनही कोरडीच राहील.

म्हणून दुसरी निम्मी बाजू शब्दांची आणि गप्पांची. फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी १९८६ मध्ये एक सूत्र मांडलं, ते अजूनही आमच्या कामात उपयोगी पडतं. वाचून समजणं म्हणजे अक्षरांची उकल गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एका बाजूला शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच. वीस मिनिटांपैकी दहा मिनिटं गोष्टीचं पुस्तक वाचून दाखवायला ठेवा, असं मी सांगते ते यासाठी.

मात्र नुसतं वाचून दाखवल्याने अक्षरं येत नाहीत, हेही खरं. मेरी ॲन इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने २००५ मध्ये चार वर्षांच्या मुलांच्या नजरेचा माग काढला होता, पालक पुस्तक वाचून दाखवत असताना. मुलं जवळजवळ सगळा वेळ चित्रं बघत होती, छापलेल्या ओळींकडे नजर क्वचितच जात होती. मग बोट वापरा. सगळ्या ओळींखाली नको, त्याने गोष्टीचा चुथडा होतो. पुस्तकाचं नाव वाचताना, आणि गोष्टीत पुन्हा पुन्हा येणारी एखादी ओळ असेल तिच्याखाली, एवढं पुरे. तिसऱ्या-चौथ्या वेळी ती ओळ तीच म्हणेल, तुम्ही फक्त बोट फिरवायचं. रोज नवं पुस्तक आणायची गरज नाही. एकच पुस्तक महिनाभर मागत असेल तर आनंदाने वाचा. ओळखीच्या गोष्टीतच मुलांचं लक्ष शब्दांकडे जायला मोकळं होतं.

वाचताना प्रश्न विचारा, पण परीक्षा घेऊ नका. ‘हे काय आहे? हा रंग कोणता?’ हे प्रश्न मुलांना चटकन कळतात की उत्तर तुम्हाला माहीत आहे. ‘हा का बरं लपला असेल?’ हा प्रश्न वेगळा. तिने एका शब्दात उत्तर दिलं तरी तुम्ही ते फुलवून परत द्यायचं. ती म्हणाली ‘कुत्रा’, तर तुम्ही, ‘हो, चिंब भिजलेला कुत्रा. कुठून आला असेल असा भिजून?’ ‘चिंब’ हा शब्द तिला असा मिळतो, अर्थ न सांगता. आणि थांबा. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. पालकांना सगळ्यात जड जाणारी गोष्ट हीच आहे, असा माझा अनुभव आहे.

घरभर वस्तूंना नावांच्या चिठ्ठ्या चिकटवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. दार, खुर्ची, कपाट. मला त्यात फारसा दम वाटत नाही. चार दिवसांत त्या चिठ्ठ्या भिंतीच्या रंगाइतक्या सवयीच्या होतात, मूल बघतसुद्धा नाही. त्यापेक्षा लिहिण्याला काहीतरी काम द्या. बाजारातून आणायच्या वस्तूंची यादी करताना तिला शेजारी बसवा आणि लिहिताना मोठ्याने तोडून म्हणा. घरातल्या माणसासाठी निरोपाची चिठ्ठी तिच्याकडून बोलून घ्या, तुम्ही लिहा, आणि संध्याकाळी त्या माणसाने ती तिच्यासमोर वाचावी. आपण बोललेलं कागदावर थांबून राहिलं आणि दुसऱ्याच्या तोंडून तसंच्या तसं बाहेर आलं, हे मुलांना थक्क करतं. तिने काढलेल्या चित्राखाली तिचंच वाक्य लिहिणं हाही तसाच प्रकार. तिचे शब्द सुधारू नका. ‘मी धावली आणि पडली धपकन’ असं ती म्हणाली तर तसंच लिहा, ‘धपकन’सकट. हाच कागद ती आठवडाभर ‘वाचत’ हिंडेल.

गिरवण्याच्या रडारडीबद्दल. पावणेपाच वर्षांच्या मुलीची बोटं अजून तयार होत असतात. पानभर ‘अ’ काढणं ही तिच्यासाठी हाताची शिक्षा आहे, त्यातून वाचन येत नाही. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, मणी ओवणं, चिमट्याने वस्तू उचलणं, यांनी बोटांना बळ येतं. अक्षर काढायचंच तर मोठं काढू द्या: फरशीवर खडूने, ओल्या बोटाने पाटीवर, हवेत अख्ख्या हाताने. ठिपके जोडून गिरवण्यापेक्षा बघून स्वतःच्या हाताने वेडंवाकडं काढलेलं बरं, याला थोडा आधारही आहे. इंडियाना विद्यापीठातल्या करिन जेम्स यांनी २०१२ मध्ये, अजून वाचू न लागलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर केलेल्या प्रयोगात, स्वतः अक्षर काढल्यानंतर ते नुसतं बघताना मेंदूचे वाचनाशी संबंधित भाग जसे जागे झाले, तसे गिरवल्यावर किंवा कळ दाबून टंकल्यावर झाले नाहीत. वेडंवाकडं अक्षर काढताना मुलाला दर वेळी ठरवावं लागतं, गोल कुठे आणि दांडा कुठे. ठिपके ते काम त्याच्यासाठी आधीच करून ठेवतात.

ती आपल्या मनाने काही लिहायला लागली, ‘पाऊस’चं ‘पास’, ‘कुत्रा’चं ‘कूता’, तर खुश व्हा आणि खोडू नका. आवाज ऐकून अक्षर शोधतेय, हेच आपल्याला हवं होतं. अक्षर आरशात बघितल्यासारखं उलटं काढणं या वयात सर्रास दिसतं.

मोबाईलवरच्या अक्षरांच्या खेळांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगते. बहुतेकांत मूल बरोबर चित्र टिचकवतं, टाळ्या वाजतात, आणि त्याला एकदाही तोंड उघडावं लागत नाही. बोलल्याशिवाय आवाज हाती येत नाहीत. दहा मिनिटं खेळली तर आभाळ कोसळत नाही, पण ती तुमच्या वीस मिनिटांत धरू नका.

शाळेची भाषा वेगळी असेल तर घरची भाषा सोडू नका. शब्द तोडण्याचं कसब एका भाषेत आलं की दुसरीत नव्याने शिकावं लागत नाही. आणि गोष्टीवर मनमोकळ्या गप्पा मारायच्या तर तुम्हाला स्वतःला जी भाषा सहज येते तीच हवी.

थांबून बघायच्या काही खुणा मात्र आहेत. घराबाहेरच्या माणसाला तिचं बोलणं बरंचसं कळत नसेल, पाठमोरी असताना हाक मारल्यावर ती वारंवार ‘ओ’ देत नसेल, कान सतत दुखत किंवा वाहत असतील, तर आधी कानाची तपासणी करून घ्या. सर्दीने कानात पाणी साठलेली मुलं ऐकतात, पण बारीक आवाज त्यांना धूसर येतात, आणि आपण त्यांना लक्ष नाही म्हणून रागावतो. कुटुंबात कोणाला वाचनाची अडचण होती का, तेही आठवून बघा. तसं असेल आणि वर सांगितलेले कानाचे खेळ पाच-सहा महिने नियमित खेळूनही पहिला आवाजसुद्धा पकडता येत नसेल, तर जाणकाराचा सल्ला लवकर घेतलेला बरा.

वेळापत्रकच हवं असेल तर असं धरा: दिवसभरात जमेल तसे टाळ्यांचे आणि आवाजांचे खेळ, संध्याकाळी पाच-सात मिनिटं कागदाच्या चौकोनांशी, आणि झोपताना दहा मिनिटं पुस्तक. ती दमलेली असेल त्या दिवशी चौकोन गाळा, पुस्तक गाळू नका. शाळेतून रोज एक पान लिहून आणायचा आग्रह असेल, तर बाईंना भेटून अर्धं पान चालेल का विचारा. बहुतेक ठिकाणी चालतं, पालक विचारतच नाहीत. चौकोनांचा खेळ सुरू केल्यावर साधारण महिन्याने ‘कान’ आणि ‘नाक’ तिचे तिला जुळवता आले की नाही, ते कळवा, म्हणजे पुढची अक्षरं कोणती घ्यायची ते सांगता येईल.